काचेच्या दारामागची खोली

मुंब्रा, कौसा, मीरा रोड, भिवंडी किंवा पुण्याचा कोंढवा, कुठल्याही नव्या इमारतीत घर पाहायला गेलो की काच हमखास दिसते. बाल्कनीला सरकते काचेचे दार असते, खिडकी पलंगाच्या उंचीपासून थेट बीमपर्यंत जाते. वन बीएचकेमध्ये मुलाचे लग्न ठरले की हॉलचा बाल्कनीकडचा भाग वेगळा काढून तिथे अ‍ॅल्युमिनियम आणि काचेचे पार्टिशन उभे राहते. विटांची भिंत घालायची म्हटली तर सोसायटीची परवानगी लागते, स्लॅबवर वजन येते आणि भिंतीच्या अलीकडे भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. काचेचे काम दोन दिवसांत उरकते आणि बाल्कनीचा उजेड हॉलपर्यंत पोहोचतो. त्यामुळे बहुतेक कुटुंबे काचच पसंत करतात आणि त्यात चूक काही नाही.

चूक पुढे होते. काच बसली, कारागीर पैसे घेऊन गेला, ‘दुल्हनची खोली झाली’ असे सगळ्यांनी म्हटले, आणि त्यानंतर त्या खोलीचा विचार कोणीच केला नाही. आत राहणाऱ्या मुलीला मात्र तो रोज करावा लागतो. कपडे बदलायला ती न्हाणीघरात जाते आणि तिथे सकाळी पाच माणसे रांगेत असतात. डोक्यावरची ओढणी झोपेतही सुटत नाही. नवऱ्याशी काही बोलायचे असेल तर दोघे एकाच पलंगावर बसून एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅप करतात. आमच्या ओळखीतल्या एका बहिणीने हे हसत हसत सांगितले होते, पण ऐकणाऱ्या आम्हा कोणालाच हसू आले नाही. पुढे बाळंतपण झाले की बाळाला पाजायचे कुठे बसून, हा प्रश्न येतो. मग एके दिवशी ती ‘माहेरी जरा राहून येते’ म्हणते, ते राहणे लांबते, आणि घरातले म्हणतात, ‘मुलीचे मनच लागत नाही.’ मन न लागायचे कारण पाच मिलिमीटर जाडीचे असू शकते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून या वेळी आम्ही या खोलीबद्दल लिहायचे ठरवले. आधी काचेचे पाहू, कारण ते सोपे आहे. माणसांचे नंतर.

काच केव्हा झाकते, केव्हा उघडे पाडते

बाजारात आरशासारखी फिल्म मिळते. दुकानदार सांगतो, ‘आतून बाहेरचे दिसेल, बाहेरून आतले दिसणार नाही.’ हे अर्धेच खरे आहे. अशी फिल्म ज्या बाजूला उजेड जास्त असतो त्या बाजूने आरसा होते. दिवसा बाहेर ऊन आणि आत सावली असते, म्हणून बाहेरच्याला काचेत स्वतःचा चेहरा दिसतो. मगरिबनंतर तुम्ही आत दिवा लावला की सगळे उलटते. आता आरसा तुमच्या बाजूला असतो आणि समोरच्या इमारतीतल्या माणसाला तुमची खोली स्वच्छ दिसते. तुम्हाला मात्र काचेत स्वतःचीच खोली दिसते, त्यामुळे आपण झाकलेले आहोत असेच वाटत राहते. काळ्या टिंटेड काचेचेही तेच. साध्या काचेला निदान माणूस भितो, या फिल्मने तो निर्धास्त होतो, म्हणून आम्हाला ती जास्त धोक्याची वाटते.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. रात्री खोलीतला दिवा लावा, कोणाला तरी आत उभे करा आणि स्वतः बाहेर जाऊन पाहा. बाल्कनीचे दार असेल तर खाली रस्त्यावर, समोरच्या इमारतीच्या जिन्यात आणि शक्य असेल तर तिच्या गच्चीवरही उभे राहून पाहा. पार्टिशन असेल तर हॉलमधला दिवा बंद करून पाहा, कारण रात्री बहुधा हॉल अंधारा आणि खोली उजेडात असते.

दुधी काच, म्हणजे फ्रॉस्टेड ग्लास, त्या मानाने भरवशाची. तरी तिच्याही दोन खोडी आहेत. एक, तिच्यातून चेहरा दिसत नसला तरी आकृती दिसते, आणि माणूस काचेच्या जितका जवळ तितकी ती स्पष्ट. त्यामुळे पलंग किंवा कपाट काचेला चिकटून ठेवू नये, निदान कपडे बदलायची जागा तरी काचेपासून दूर असावी. दिव्याची जागाही महत्त्वाची आहे. दिवा खोलीच्या मागच्या भिंतीवर, माणूस मध्ये आणि काच पुढे अशी मांडणी असेल तर माणसाची सावली थेट काचेवर पडते. रात्रीचा दिवा काचेच्याच बाजूला, खाली ठेवा. मग सावली आतल्या भिंतीवर जाते.

दुसरी खोडी फारशी कोणाला माहीत नसते. दुधी काच एका बाजूने खरखरीत आणि दुसऱ्या बाजूने गुळगुळीत असते. खरखरीत बाजूवर पाणी पडले किंवा पारदर्शक चिकटपट्टी लावली की तेवढ्या जागी ती आरपार दिसू लागते. घरातल्या पोरांना हा खेळ एकदा कळला की ती विसरत नाहीत. म्हणून खरखरीत बाजू नेहमी खोलीच्या आत हवी. काच बसवून झाली असेल आणि खरखरीत बाजू हॉलकडे आली असेल, तर आतून पडदा लावण्याला पर्याय नाही.

साधी काच आधीच बसलेली असेल तर दुधी फिल्म चिकटवता येते. साबणाचे पाणी फवारून, रबरी पट्टीने बुडबुडे काढत घरच्या घरी हे काम होते. मात्र ती काचेच्या पूर्ण उंचीला लावा. कित्येक घरांत ती मधल्या पट्ट्यात, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरच लावलेली आम्ही पाहिली आहे. हॉलमध्ये जमिनीवर दस्तरखान अंथरून जेवायला बसलेल्यांना आणि रांगणाऱ्या मुलांना खालच्या पट्ट्यातून सगळे दिसते. पश्चिमेच्या बाल्कनीला गडद फिल्म लावताना मात्र जपून. ती ऊन शोषते, काच तापते, आणि साधी काच अशा ताणाने तडकू शकते. बटण दाबताच पांढरी होणारी काचही हल्ली निघाली आहे. वीज गेली तर ती दुधी होऊन राहते हे चांगले, पण जिथे भिंत परवडत नाही तिथे ती कोणाला परवडणार?

पडद्याचे सांगायचे तर आपल्याकडे तो शोभेच्या मापाने शिवला जातो. दांडी दाराइतकीच, कापड दांडीइतकेच, आणि मग दोन्ही कडांना चार-चार बोटे फट राहते. दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा इंच पुढे जावी आणि तितकीच वर असावी. कापडाची रुंदी दांडीच्या दुप्पट धरा, म्हणजे पडदा ओढल्यावरही चुण्या राहतात आणि ताणलेल्या कापडातून आकृती दिसत नाही. दोन पडदे मध्ये भेटतात तिथे ते एकमेकांवर वीतभर चढले पाहिजेत, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने ते उघडतात. दोन थर केलेत तर उत्तम: दिवसा उजेडासाठी पातळ, रात्रीसाठी जाड अस्तराचा. फक्त नेटच्या पडद्यावर भागवू नका. त्याचीही गत आरशाच्या फिल्मसारखीच, दिवसा झाकतो आणि रात्री उघडे पाडतो.

एक जागा सगळेच विसरतात, ती म्हणजे आरसा. कपाटाच्या दाराला लावलेला उभा आरसा पार्टिशनच्या फटीसमोर आला तर दार चार बोटे सरकलेले असतानाही अख्खा पलंग हॉलमध्ये दिसतो. आरसा बाजूच्या भिंतीला न्या.

आवाजावर मात्र काचेकडे फारसा इलाज नाही. सरकत्या दारांच्या मधल्या आणि वरच्या-खालच्या फटींतून सर्वात जास्त आवाज जातो. कारागिराला सांगितले तर तो तिथे ब्रशची पट्टी बसवून देतो, त्याने थोडा फरक पडतो. खोलीतल्या पंख्याचा आवाज, खाली जाड सतरंजी आणि कपड्यांनी भरलेले कपाट यांचीही थोडी मदत होते. थोडीच. बाकीचे काम हॉलमधल्या माणसांनी करायचे आहे.

दाराच्या या बाजूला कोण

घरात खाजगीपणाचा विषय निघाला की आपल्याकडे बोट नेहमी आतल्या माणसाकडे वळते. पडदा नीट ओढ, आवाज कमी कर, ओढणी सांभाळ. पवित्र कुरआनने मात्र या बाबतीत बाहेरच्या माणसाला हाक मारली आहे. सूरह नूरच्या ५८व्या आयतीत घरातल्या सेवकांनी आणि वयात न आलेल्या मुलांनीही तीन वेळी परवानगी घेऊनच आत यावे असा आदेश आहे: फजरच्या नमाजपूर्वी, दुपारी कपडे उतरवून विसावा घेण्याच्या वेळी, आणि इशानंतर. पुढच्याच आयतीत सांगितले आहे की मुले वयात आली की त्यांनी मोठ्यांसारखी प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी. ही आयत परक्या घराबद्दल नाही. तिचा विषय एकाच छपराखाली राहणारी माणसे आणि त्यांची आतली खोली हा आहे, जो आज आपल्या वन बीएचकेचा विषय आहे.

आणि ज्या मदीनेत हा आदेश आला तिथल्या घरांना काय होते? अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात उल्लेख आहे की प्रेषित मुहम्मद (स.) कोणाच्या दाराशी गेले तर दारासमोर उभे न राहता उजव्या किंवा डाव्या बाजूला उभे राहून सलाम करत, कारण त्या काळी घरांच्या दारांना पडदे नसत. म्हणजे ज्यांच्याकडे आमच्यासारखी दुधी काचही नव्हती, त्या समाजात झाकण्याचे काम उभे राहण्याच्या जागेने होत होते. दुसऱ्या एका हदीसमध्ये, जी सहीह बुखारीत आहे, एक माणूस दाराच्या भोकातून आत डोकावला तेव्हा प्रेषितांनी (स.) नाराज होऊन समजावले की परवानगीचा नियम नजरेसाठीच आहे. आमच्या घरात दारच काचेचे असल्यामुळे नजर आधी आत जाते आणि हात नंतर कडीला लागतो. म्हणून काचेच्या दाराला टकटक करण्याआधी थांबायची जागा ठरवावी लागते. दाराच्या समोर नाही, भिंतीच्या कडेला. टकटकही काचेवर नको, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर. म्हणजे मुले काचेला नाक लावून उभी राहणार नाहीत.

हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांच्या पत्नीने सांगितले आहे की ते स्वतःच्या घरी येतानाही दाराशी आधी खाकरत, घरातल्यांना अवघडलेल्या स्थितीत गाठू नये म्हणून. कोकणातल्या आमच्या जुन्या पिढीला हे वेगळे शिकवावे लागले नाही. ओटीवरचा पुरुष माजघरात यायचा तो खाकरूनच. घर बदलले, ओटी गेली, माजघर गेले, आणि त्याबरोबर ते खाकरणेही गेले.

कोकणात याला आणखी एक पदर आहे. श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, रत्नागिरीकडे आखाती देशांतल्या कमाईवर मोठी घरे उभी राहिली, त्यांना दर्शनी बाजूने भरपूर काच लागली. घराचा मालक सुटीवर महिना-दीड महिना येतो, तेवढ्यात सगळे नातेवाईक भेटायला येतात, आणि येणारा सरळ आत येतो. वर्षभराने भेटलेल्या नवरा-बायकोला दुपारचा एक तासही स्वतःचा मिळत नाही. घर मोठे असून काय उपयोग?

खोली कोणाची, सामान कोणाचे

आता आमच्या मते सर्वात महत्त्वाचे. काच झाकली, पडदा शिवला, मुलांना शिकवले, तरीही खोली खाजगी होत नाही, कारण घराचे सामान त्या खोलीत असते. घरातले एकमेव लोखंडी कपाट तिथेच. इस्त्री तिथे, पाहुण्यांच्या गाद्या त्या पलंगाखालच्या पेटीत, आणि बाल्कनीत लावलेले वॉशिंग मशीन आणि कपडे वाळत घालायची दोरी त्या खोलीतूनच गाठायची. दिराला ऑफिसचा शर्ट हवा, सासऱ्यांना औषधाची पिशवी हवी, नणंदेला ओले कपडे टाकायचे आहेत. प्रत्येकाचे काम खरे असते आणि प्रत्येक जण ‘एकच मिनिट’ म्हणून येतो. दिवसातून असे वीस वेळा. अशा खोलीला नुसती वाट म्हणायचे.

म्हणून मुलाच्या लग्नाआधी पार्टिशनच्या मापाबरोबर एक यादी करा: या खोलीतून बाहेर काय काय काढायचे. कपाट हॉलमध्ये येईल, हॉल थोडा अडचणीचा दिसेल, दिसू द्या. इस्त्री किचनच्या ओट्याशी करता येते. औषधे फ्रिजवरच्या डब्यात. दोरी काढून छताला ओढून घ्यायचा कपड्यांचा स्टँड हॉलच्या खिडकीशी लावता येतो. बाल्कनीतले मशीन हलवता येत नसेल तर कपडे धुण्याची वेळ बांधून घ्या, सकाळी दहा ते बारा म्हणा, आणि त्या वेळेबाहेर तिकडे जायचे नाही.

टीव्हीचेही असेच. पार्टिशनला लागून, काचेच्या चौकटीतच टीव्ही बसवलेला आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिला. संध्याकाळी घरातली सगळी माणसे आणि शेजारची दोन मुले तीन तास त्या काचेकडे तोंड करून बसलेली. पडदा असला तरी आतल्या मुलीला उठायचे, बसायचे अवघड होते. टीव्ही समोरच्या भिंतीवर न्या. मग सगळ्यांच्या पाठी काचेकडे होतात.

सूरह नूरमधल्या तीन वेळा घरात मोठ्याने ठरवाव्यात असे आम्हाला वाटते, आणि ते आजी-आजोबांनी ठरवावे. सुनेच्या तोंडून हे निघणे अवघड आहे. तिने म्हटले तर ‘येऊन चार दिवस नाही झाले आणि दार लावते’ असे होते. सासूने एकदा जेवताना सगळ्यांसमोर सांगितले की इशानंतर भाईजानच्या खोलीशी कोणी जायचे नाही, काही हवे तर बाहेरून हाक मारायची, तर त्याचे वजन वेगळे असते. मुलगा रात्रपाळीला असेल तर त्याची दुपार ही घरातली रात्र समजावी. मुअत्तामध्ये एका माणसाने विचारल्याचे आले आहे की आईच्या खोलीत जातानाही परवानगी घ्यायची का, ती तर माझ्याबरोबरच राहते. उत्तर होकारार्थी होते. त्यामुळे हा नियम फक्त सुनेसाठी केलेला लाड नाही. अम्मींच्या खोलीलाही तो लागू आहे, आणि मुलांना तिथूनच शिकवायला सुरुवात केली तर सुनेवर आळ येत नाही.

जोडप्याची स्वतःची लहान मुले त्याच खोलीत झोपत असतील तर वेगळा प्रश्न येतो. दहाव्या वर्षापर्यंत मुलांची अंथरुणे वेगळी करण्याची सूचना हदीसमध्ये आहे. लहान घरात ते आजीच्या शेजारी हॉलमध्ये अंथरूण टाकून होते. आजी बहुधा त्याची वाटच पाहत असते.

बाल्कनीच्या बाजूला मात्र घरातल्यांचा इलाज चालत नाही. समोरच्या इमारतीतून कोणी रोखून पाहत असेल, मोबाइल धरत असेल, तर लाजून गप्प बसू नका. स्त्रीला तिच्या खाजगी क्षणी चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७७ मध्ये येतो. पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षांची शिक्षा आहे. पडदा ओढलेला नव्हता हा अशा माणसाचा बचाव होऊ शकत नाही.

ज्यांचे पार्टिशन अजून व्हायचे आहे त्यांना आमचा सल्ला सोपा आहे. जमिनीपासून सहा फुटांपर्यंत प्लायवूड किंवा बोर्ड घ्या आणि काच त्याच्या वर, छतापर्यंत. उजेड वरूनच येतो आणि हॉलमध्ये पोहोचतो, नजर मात्र खालीच अडते. दार सरकते हवेच असेल तर तेही बोर्डाचे करा. पूर्ण काचच घ्यायची ठरली, तर ती टफन केलेली घ्या, फुटली तरी तिचे धारदार तुकडे होत नाहीत. पण टफन केल्यावर त्या काचेला कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. कडी-लॉकचे भोक कारखान्यात आधीच पाडून यावे लागते. लॉक आतून लागणारे आणि मूल आत कोंडले गेले तर बाहेरून नाण्याने फिरवता येणारे घ्या. आणि ते किती उंचीवर हवे, हे माप द्यायच्या आधी होणाऱ्या सुनेला फोन करून विचारा.